आयफ्रेम: बाल्कांवातला पाहुणा आणि आतल्या दाराची कडी

ब्राउझरच्या पट्टीतला गूगल मॅप्सचा पत्ता उचलला, आयफ्रेमच्या, म्हणजे आपल्या पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीच्या, 'एसआरसी'त (पत्त्याच्या जागी) डकवला, पान उघडलं आणि नकाशाच्या जागी राखाडी चौकोन. होमस्टेचं असो, देवस्थानाचं असो, संकेतस्थळ करणाऱ्याची आयफ्रेमशी पहिली झटापट बहुधा अशीच होते. मग कुणी उंची वाढवून बघतो, कुणी कॅश पुसतो, कुणी होस्टिंगवाल्याला फोन लावतो. उपयोग शून्य, कारण चूक तुमच्या पानात नसतेच. पाहुण्यानेच, म्हणजे आत बसवायच्या पानानेच, यायला नकार दिलेला असतो.

गूगल मॅप्सचं नेहमीचं पान सर्व्हरवरून येताना 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' नावाचा हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, सोबत आणतं आणि त्यात 'सेमओरिजिन' असं लिहिलेलं असतं. अर्थ असा की, मला माझ्याच घरच्या पानात बसवा, दुसऱ्याच्या नको. ब्राउझर तो वाचतो आणि चौकट रिकामी सोडतो. एफ-12 दाबून कन्सोल (ब्राउझर चुका नोंदवतो ती जागा) उघडलं की 'रिफ्यूज्ड टू डिस्प्ले' अशी लाल ओळ दिसते. ती दिसली की बाकी सगळे प्रयोग थांबवायचे. इलाज म्हणजे त्या सेवेने आयफ्रेमसाठी दिलेला वेगळा पत्ता वापरणं. नकाशात 'शेअर' दाबून 'एम्बेड अ मॅप' निवडलं की मिळणाऱ्या पत्त्यात '/मॅप्स/एम्बेड' असतं. यूट्यूबचंही तेच: '/वॉच' असलेला पत्ता चालत नाही, '/एम्बेड/' आणि त्यापुढे व्हिडिओचा 11 अक्षरी आयडी लागतो.

हा हेडर आला 2009 साली, इंटरनेट एक्सप्लोरर 8 सोबत. त्याच्या आदल्या वर्षी रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी 'क्लिकजॅकिंग' हे नाव देऊन एक जुनी चोरवाट चव्हाट्यावर आणली होती: बँकेचं पान अदृश्य आयफ्रेममध्ये ठेवायचं, त्याच्या खाली 'बक्षीस मिळवा'चं बटण रंगवायचं, आणि माणसाला वाटतं आपण बक्षिसावर बोट ठेवलं. आज या हेडरची जागा 'कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी' या नव्या हेडरमधल्या 'फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स'ने घेतली आहे. दोन्ही असतील तर ब्राउझर नवाच मानतो. तुमचं स्वतःचं बुकिंग पान दुसऱ्या कुणाच्या साइटवर बसवू द्यायचं असेल तर त्या साइटचा पत्ता इथे लिहायचा. दोन ठिकाणी घोडं अडतं. एक, हे सर्व्हरच्या हेडरमध्येच द्यावं लागतं; पानाच्या मेटा टॅगमध्ये लिहिलं तर ब्राउझर त्याकडे बघतही नाही. दोन, जुन्या लेखांत सापडणारं 'अलाऊ-फ्रॉम' वापरू नका. आजचे ब्राउझर ते ओळखत नाहीत आणि तो हेडरच सोडून देतात, म्हणजे कुलूप लावल्याचं समाधान तेवढं उरतं.

उलट बाजूचंही एक कुलूप आहे, ते आपल्याच साइटवर असतं: 'फ्रेम-एसआरसी', म्हणजे आपल्या पानात कुणाकुणाला बसवायचं त्याची यादी. वर्डप्रेसमध्ये सुरक्षेचा प्लगइन घातला आणि त्याने यादीत फक्त 'सेल्फ' (आपलीच साइट) लिहिलं, तर काल चालणारा नकाशा आज गायब. आणि साइट 'एचटीटीपीएस'वर नेल्यावर जुनं हवामानाचं विजेट नाहीसं झालं असेल, तर ते 'एचटीटीपी'वरून येत असणार. सुरक्षित पानात असुरक्षित आयफ्रेम ब्राउझर येऊच देत नाही.

आयफ्रेम अडली हे आपल्या स्क्रिप्टला कळतं का? नाही, आणि मला हे या सगळ्या रचनेतलं सर्वांत खट्याळ कलम वाटतं. अडलेल्या चौकटीवरही 'लोड' घटना घडते आणि 'एरर' घडत नाही, कारण तसं कळलं असतं तर कुठल्याही पानाला दुसऱ्याच्या साइटची चाचपणी करता आली असती. म्हणून खात्री एकाच मार्गाने करता येते: आतल्या पानाने 'मी आलो' असा निरोप पाठवायचा, आणि पाचेक सेकंदांत तो आला नाही तर आपण चौकोनाच्या जागी साधी लिंक दाखवायची.

गोव्यातल्या जुन्या घरांना पुढे बाल्कांव असतो. दारावर आलेला तिथे बसतो, रस्ता बघतो, चहा तिथेच येतो. आतल्या दाराची कडी घरच्याच्या हातात. आयफ्रेमचा मामला नेमका असा आहे, फक्त एक फरक: पाहुणा बसलेला असतो स्वतःच्याच खोलीत, आणि त्या खोलीला त्याच्या बाजूनेही कडी असते.

या कड्या 'ओरिजिन'वर ठरतात. ओरिजिन म्हणजे तीन गोष्टी मिळून: प्रोटोकॉल, यजमानाचं नाव आणि पोर्ट. तिन्ही जुळल्या तरच दोन पानं एका घरची. 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपीएस' वेगळी घरं, आणि पुष्कळांना हे पटत नाही, पण पुढे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेला पत्ता आणि नसलेला पत्ता हीसुद्धा वेगळी घरं. एका घरची असतील तर 'कंटेंटविंडो'मधून आतल्या पानाचा प्रत्येक कोपरा हाताला लागतो. वेगळ्या घरची असतील तर हातात राहतं ते थोडकंच: निरोप पाठवणं, फोकस देणं, आणि त्या चौकटीला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं. आत सध्या कोणता पत्ता उघडा आहे हे वाचताही येत नाही. विजेटमधल्या बटणाचा रंग आपल्या सीएसएसने बदलून द्या, अशी मागणी गिऱ्हाईक करतंच. होत नाही, आणि कुठल्याही युक्तीने होऊ नये अशीच ती भिंत आहे.

सँडबॉक्स: सगळं बंद, मग एकेक उघडायचं

दिवाडीतल्या एखाद्या होमस्टेचं पान डोळ्यांसमोर आणा. त्यावर रायबंदरच्या फेरीधक्क्यापासूनचा नकाशा, घराचा व्हिडिओ आणि बाहेरच्या कंपनीचं बुकिंग विजेट. नकाशा आणि व्हिडिओ मोठ्या घरचे, त्यांची चिंता कमी. विजेटमागची कंपनी उद्या कुणी विकत घेतली, तिच्या सर्व्हरवर कुणी घुसलं, तर त्या चौकटीतून काय काय होऊ शकतं याचा विचार आज करायचा. 'सँडबॉक्स' हा गुणधर्म त्यासाठी आहे.

तो नुसता लिहिला, किंमत रिकामी ठेवली, की सगळं बंद होतं: स्क्रिप्ट नाही, फॉर्म नाही, नवी खिडकी नाही, डाउनलोड नाही, आणि पानाला स्वतःचं ओरिजिनही नाही. मग लागेल तेवढं नाव घेऊन उघडायचं. बुकिंग विजेटला 'अलाऊ-स्क्रिप्ट्स' लागणारच. 'अलाऊ-फॉर्म्स' विसरलं तर 'खोली राखून ठेवा' हे बटण दाबलं जातं पण फॉर्म कुठेच जात नाही. पानावर काही दिसत नाही, तक्रार फक्त कन्सोलमध्ये. 'अलाऊ-सेम-ओरिजिन' हे नाव फसवं आहे. त्याने विजेट तुमच्या घरचं होत नाही, त्याला त्याचं स्वतःचं ओरिजिन परत मिळतं. ते नसेल तर त्याच्या कुकीज आणि लोकलस्टोरेज (ब्राउझरमधला त्याचा साठा) बंद, आणि लोकलस्टोरेजला हात लावताच 'सिक्युरिटीएरर' येऊन पुष्कळ विजेटं पहिल्याच ओळीला कोसळतात.

खरी गंमत पैसे भरताना. विजेट बँकेचं पान नव्या खिडकीत उघडतं, म्हणून तुम्ही 'अलाऊ-पॉपअप्स' दिलंत. खिडकी उघडली, पण ओटीपी टाकल्यावर पान अडून बसलं. कारण सँडबॉक्समधून उघडलेली खिडकी तीच बंधनं वारशाने सोबत नेते; बँकेचं पान बिचारं तुमच्या विजेटच्या बेड्या घालून चालत असतं. त्यासाठी 'अलाऊ-पॉपअप्स-टू-एस्केप-सँडबॉक्स' हे वेगळं कलम द्यावं लागतं. पॉपअपचं कोणतंच कलम न देता चालवलं तर यूपीआयचं अ‍ॅप उघडेना, असंही होतं: आयफ्रेममधूनच 'यूपीआय:' ने सुरू होणारी लिंक मारली जात असेल तर क्रोम ती सँडबॉक्समध्ये अडवतो. 'अलाऊ-टॉप-नॅव्हिगेशन-टू-कस्टम-प्रोटोकॉल्स' दिलं की ती सुटते.

'अलाऊ-टॉप-नॅव्हिगेशन' मात्र देऊ नका. ते दिलं की चौकटीतलं पान तुमचं अख्खं पान उचलून दुसरीकडे नेऊ शकतं, आणि जाहिरातींतून लॉटरीच्या पानावर फेकलं जाण्याचा प्रकार याच वाटेने होतो. पैसे भरून झाल्यावर मुख्य पान खरोखरच हलवायचं असेल तर '-बाय-यूजर-अ‍ॅक्टिव्हेशन' असं शेपूट असलेलं कलम आहे. माणसाने बोट लावल्याखेरीज ते काम करत नाही.

एक जोडी धोक्याची. चौकटीतलं पान तुमच्याच ओरिजिनचं असेल आणि 'अलाऊ-स्क्रिप्ट्स' व 'अलाऊ-सेम-ओरिजिन' दोन्ही दिली असतील, तर ते पान वर हात घालून स्वतःच्या आयफ्रेमवरचा सँडबॉक्स काढून टाकू शकतं आणि पुन्हा लोड होऊन मोकळं होतं. लोकांनी चढवलेल्या एचटीएमएल फाइली दाखवायच्या असतील तर त्या वेगळ्या डोमेनवर ठेवणं हाच मार्ग. आणि सँडबॉक्समध्ये काहीही बदललं तर ते पुढच्या लोडपासून लागू होतं. चालू पानावर गुणधर्म बदलून 'काही फरक पडत नाही' म्हणणाऱ्यांनी आयफ्रेम आधी पुन्हा लोड करून बघावी.

यूट्यूबला सँडबॉक्स घालायचाच असेल तर स्क्रिप्ट्स, सेम-ओरिजिन, टीव्हीवर पाठवण्यासाठी 'अलाऊ-प्रेझेंटेशन' आणि 'यूट्यूबवर बघा' या लिंकसाठी पॉपअप्स, एवढं लागतं. माझं मत विचाराल तर यूट्यूबला सँडबॉक्स घालण्यात वेळ घालवू नये. तो वेळ बुकिंग विजेटवर खर्च करावा.

सँडबॉक्सहून निराळा आहे 'अलाऊ' हा गुणधर्म: कॅमेरा, माइक, ठिकाण, पूर्ण पडदा, आपोआप वाजणं, पैसे भरण्याची ब्राउझरची खिडकी. परक्या ओरिजिनच्या आयफ्रेमला यातलं बरंचसं मुळात मिळत नाही. नकाशातलं 'मी कुठे आहे' हे बटण काही करत नसेल तर 'अलाऊ'मध्ये 'जिओलोकेशन' नसतं. ते देऊनही चालत नसेल तर सर्व्हरचा 'परमिशन्स-पॉलिसी' हेडर बघा. तिथे ठिकाण सर्वांसाठीच बंद असेल तर आयफ्रेमवर लिहून काही होत नाही. आणि देताना एवढं ध्यानात ठेवा की क्रोममध्ये 'ठिकाण सांगू का' असं विचारणाऱ्या खिडकीवर विजेटचं नव्हे, तुमच्या साइटचं नाव येतं. माणूस 'हो' म्हणतो तो तुमच्या शब्दावर.

निरोपांची देवाणघेवाण

परक्या पानावर ताबा मिळवणं म्हणजे प्रत्यक्षात त्याला निरोप पाठवणं, आणि त्याने तो मानला तर मानला. साधन एकच, 'पोस्टमेसेज'. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: मजकूर आणि ज्याला पाठवायचा त्याचं ओरिजिन. दुसऱ्या जागी आळसाने तारा (*) टाकला की त्या चौकटीत त्या क्षणी जो कुणी बसला असेल त्याला निरोप मिळतो. ओरिजिन लिहिलं आणि जुळलं नाही तर निरोप पोचत नाही, कन्सोलमध्ये ओळ येते. अर्धी भांडणं इथली 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची असतात.

येणारा निरोप तपासणं जास्त महत्त्वाचं, कारण तुमच्या पानाला निरोप कुणीही पाठवू शकतं. 'इव्हेंट.ओरिजिन' पूर्ण जुळवून बघा, तीन समान-चिन्हांनी. शेवट जुळतो का एवढंच बघणारी तपासणी फोल आहे: 'होमस्टे-डॉट-इन' ने संपणारं नाव हवं असेल तर 'खोटाहोमस्टे-डॉट-इन' सुद्धा तसंच संपतं आणि ते कुणीही विकत घेऊ शकतं. सँडबॉक्समध्ये 'अलाऊ-सेम-ओरिजिन' नसलेल्या चौकटीकडून आलेल्या निरोपाचं ओरिजिन 'नल' हा शब्द असतं. तिथे 'इव्हेंट.सोर्स' हीच आपली आयफ्रेम आहे का ते पाहायचं, आणि अशा चौकटीला पाठवताना तारा टाकण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून त्या निरोपात गुपित काही घालायचं नाही.

आतलं पान ऐकायला बसण्याआधी पाठवलेला निरोप म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो रांगेत थांबत नाही, वाया जातो. घरच्या वायफायवर सगळं सुरळीत चालतं आणि पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात बंद पडतं, त्याचं कारण बहुधा हेच: संथ नेटवर्कवर आतली स्क्रिप्ट उशिरा येते. म्हणून 'मी तयार' हा पहिला निरोप नेहमी आतून यायला हवा, आणि बाहेरच्याने आपला ऐकणारा कान आयफ्रेम पानात घालण्यापूर्वी लावलेला हवा.

सर्वांत जास्त मागणी असलेला निरोप म्हणजे उंचीचा. आतल्या मजकुराएवढी आयफ्रेम व्हावी, आत वेगळी स्क्रोलपट्टी नको. आतलं पान 'रिसाइझऑब्झर्व्हर'ने स्वतःची उंची मोजतं, बाहेर कळवतं, बाहेरचं पान चौकट तेवढी करतं. सोपं. आणि मग एक दिवस फोनवर चौकट वाढू लागते आणि थांबतच नाही. कारण बघा. विजेटच्या मुख्य डब्याला कमीत कमी उंची '100 व्हीएच' दिलेली असते आणि त्याच्या खाली 20 पिक्सेलचं पॅडिंग. आयफ्रेमच्या आत व्हीएच म्हणजे फोनच्या पडद्याची उंची नव्हे, आयफ्रेमची उंची. चौकट 600 ची असताना आतला मजकूर भरला 620. बाहेरच्याने चौकट 620 केली. आता 100 व्हीएच म्हणजे 620, मजकूर 640. चौकट 640, मजकूर 660. दर फेरीला 20 पिक्सेल, न संपणाऱ्या. इलाज आतच करावा लागतो: तो व्हीएच काढून टाका. बाहेर तुमच्या हातात फक्त कमाल मर्यादा घालणं उरतं, म्हणजे समजा 3000 पिक्सेलच्या पुढे निरोप मानायचा नाही.

याचं उलटं दुखणं म्हणजे चौकट वाढते पण आटत नाही. तारखांची यादी मिटली तरी खाली पांढरी जागा राहते. तिथे कुणीतरी 'डॉक्युमेंटएलिमेंट'ची 'स्क्रोलहाइट' मोजलेली असते, आणि ती चौकटीच्या उंचीखाली कधी उतरत नाही. सगळा मजकूर एका डब्यात घालून त्या डब्याची उंची मोजा.

यूट्यूबचा प्लेयर, जत्रेच्या निमित्ताने

निरोपांवर उभं राहिलेलं आणि नीट लिहून ठेवलेलं उदाहरण हवं असेल तर यूट्यूबचं आयफ्रेम प्लेयर एपीआय, म्हणजे प्लेयरला बाहेरून हुकूम देण्याची सोय. फोंड्याच्या आसपासच्या देवस्थानांच्या साइटवर जत्रेचं, पालखीचं, रात्रीच्या नाटकाचं थेट प्रक्षेपण दाखवायचं असतं, तिथे हे कामी येतं. पत्त्याला 'एनेबलजेएसएपीआय=1' जोडायचं, यूट्यूबची 'आयफ्रेम_एपीआय' ही स्क्रिप्ट आणायची, आणि 'ऑनयूट्यूबआयफ्रेमएपीआयरेडी' या नावाचं फंक्शन ग्लोबल पातळीवर ठेवायचं. मॉड्यूल प्रकारच्या स्क्रिप्टमध्ये ते लिहिलं तर ग्लोबल होत नाही आणि प्लेयर कधीच जागा होत नाही. त्याला 'विंडो'वर टांगावं लागतं.

स्थिती आकड्यांत येते: उणे 1 म्हणजे सुरू न झालेला, 0 संपला, 1 चालू, 2 थांबवलेला, 3 बफर होतोय, 5 तयार ठेवलेला. 0 आला की 'प्रक्षेपण संपलं' अशी पाटी आणि मागच्या व्हिडिओंची यादी दाखवता येते. चुकांचे आकडे जास्त उपयोगाचे. 100 म्हणजे व्हिडिओ काढलेला किंवा खाजगी केलेला. 101 आणि 150 दोन्हींचा अर्थ एकच, मालकाने बाहेरच्या साइटवर दाखवायला मनाई केली आहे. व्हिडिओ समितीचाच असेल तर यूट्यूब स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओच्या तपशिलात खाली 'अलाऊ एम्बेडिंग'ची खूण राहून गेलेली असते. 153 आला तर यूट्यूबला तुमच्या साइटचा रेफरर, म्हणजे विनंती कुठून आली तो पत्ता, मिळत नाहीये. एचटीएमएलची फाइल डबल-क्लिक करून थेट उघडली की तो येतो, आणि साइटवर 'रेफरर-पॉलिसी: नो-रेफरर' लावली असेल तरीही येतो. या दुसऱ्या प्रकारात आयफ्रेमवर 'स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन' लिहिलं की प्रश्न मिटतो.

पान उघडताच सनई-चौघडा वाजायला हवा, असा आग्रह समितीतल्या एखाद्याचा असतो. ब्राउझर आवाजासह आपोआप वाजू देत नाहीत; 'म्यूट=1' सोबत 'ऑटोप्ले=1' आणि 'अलाऊ'मध्ये ऑटोप्ले दिलं तर चित्र हलतं, आवाजासाठी माणसाचं बोट लागतं. आयफोनवर व्हिडिओ अख्खा पडदा व्यापू नये म्हणून 'प्लेजइनलाइन=1'. 'लूप=1' एकट्याने चालत नाही, 'प्लेलिस्ट'मध्ये तोच आयडी परत द्यावा लागतो. 'रेल=0' ने शेवटचे सुचवलेले व्हिडिओ जात नाहीत; 2018 पासून त्याचा अर्थ एवढाच की ते त्याच चॅनेलचे असतील. प्लेयर 200 गुणिले 200 पिक्सेलपेक्षा लहान करू नये अशी यूट्यूबची अट आहे.

वजनाचं बोललं पाहिजे. साध्या पानावर एक यूट्यूब चौकट घातली की न वाजवताच अर्ध्या एमबीहून जास्त स्क्रिप्ट उतरते. फोटो-मजकुराचं पान दोनशे केबीचं आणि चौकट त्याच्या कैक पट: नाकापेक्षा मोती जड. 'लोडिंग=लेझी' लिहा, ते आता क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत चालतं; खाली असलेली चौकट माणूस तिथवर पोचेपर्यंत उतरत नाही. त्याहून चांगलं म्हणजे आधी फक्त चित्र दाखवणं. 'एचक्यूडिफॉल्ट' नावाचं 480 गुणिले 360 चं चित्र प्रत्येक व्हिडिओला असतं. त्यावर वाजवण्याची खूण काढायची आणि बोट लागल्यावर आयफ्रेम घालायची. आयफोनवर अशा वेळी दोनदा दाबावं लागतं, हा त्याचा तोटा. माझ्या मते तो परवडतो.

कुकीजविषयी थोडक्यात. सफारी 2020 च्या मार्चपासून परक्या चौकटीच्या कुकीज सरसकट अडवतो, फायरफॉक्स 2022 पासून त्या साइटनिहाय वेगळ्या बरणीत ठेवतो, क्रोमने त्या बंद करण्याचा बेत शेवटी सोडून दिला. म्हणून 'क्रोमवर लॉगिन टिकतं, आयफोनवर टिकत नाही' ही तक्रार. विजेट तुमचंच असेल तर कुकीवर 'सेमसाइट=नन', 'सिक्युअर' आणि 'पार्टिशन्ड' तिन्ही लिहा. मूळ साइटवरचंच लॉगिन चौकटीत हवं असेल तर माणसाने बटण दाबल्यावर 'रिक्वेस्टस्टोरेजअ‍ॅक्सेस' मागावा लागतो.

आणि मागे जाण्याचं बटण: आयफ्रेमचा 'एसआरसी' स्क्रिप्टने बदलला की इतिहासात एक पायरी वाढते, माणूस मागे जाऊ पाहतो आणि पान तिथल्या तिथे राहून फक्त चौकट मागे जाते. चौकटीच्या 'लोकेशन'वर 'रिप्लेस' वापरलं की ही पायरी तयार होत नाही.

खरा ताबा हवा असेल तर

आतला पत्ता वाचायचा, मागे-पुढे करायचं, विनंत्या अडवायच्या, आपली स्क्रिप्ट आत घालायची, हे साध्या वेबपानाला मिळत नाही आणि मिळू नये. ते स्थापित केलेल्या अ‍ॅपलाच मिळतं. मोझिलाने फायरफॉक्स ओएस या फोनच्या प्रणालीसाठी आयफ्रेमलाच 'मोझब्राउझर' असा गुणधर्म जोडून हे दिलं होतं: 'गोबॅक', 'रीलोड', 'गेटस्क्रीनशॉट' असे हुकूम, आणि आतलं शीर्षक, पत्ता किंवा प्रमाणपत्र बदललं की घटना. त्या वंशातली कायओएस 2017 मध्ये जिओफोनमधून आपल्याकडे घरोघरी पोचली. क्रोमकडे आधी क्रोम अ‍ॅप्सचा 'वेबव्ह्यू' टॅग होता, आता आयसोलेटेड वेब अ‍ॅपसाठी 'कंट्रोल्ड फ्रेम' आहे, संस्थेच्या ताब्यातल्या क्रोमओएस यंत्रांकरता. इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या साधनांनी डेस्कटॉपचे प्रोग्राम बनवण्याची सोय) 'वेबव्ह्यू' टॅग टाळून 'वेबकंटेंट्सव्ह्यू'सारखे पर्याय बघा, असं त्यांच्याच दस्तऐवजात सांगितलेलं आहे.

पण हॉटेलच्या लॉबीतल्या टॅबलेटसाठी किंवा छोट्या अ‍ॅपसाठी गाठ पडते ती अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूशी, म्हणजे वेबपान आत दाखवणाऱ्या घटकाशी. त्यात जावास्क्रिप्ट आणि डॉमस्टोरेज (लोकलस्टोरेज त्यातच येतं) दोन्ही मुळात बंद असतात. दुसरं विसरलं की बुकिंगचं पान पांढरं. पैसे भरताना 'ईआरआर_अननोन_यूआरएल_स्कीम' आला तर 'यूपीआय:' किंवा 'इंटेंट:' ची लिंक वेबव्ह्यूने पान समजून उघडायचा प्रयत्न केलेला असतो. 'शुडओव्हरराइडयूआरएललोडिंग'मध्ये तिला पकडून इंटेंटने (दुसऱ्या प्रोग्रामला बोलावण्याचा अँड्रॉइडचा मार्ग) बाहेर पाठवा, आणि यूपीआयचं अ‍ॅपच नसेल तर येणारा 'अ‍ॅक्टिव्हिटीनॉटफाउंड' झेला, नाहीतर अ‍ॅप बंद पडेल. ओळखपत्राचा फोटो चढवण्यासाठी 'ऑनशोफाइलचूझर' स्वतः लिहावं लागतं, त्याशिवाय 'फाइल निवडा' हे बटण मुकं. गूगलचं साइन-इन मात्र आत चालणारच नाही. 'डिसअलाऊड_यूजरएजंट' म्हणून गूगल ते परतवतं. त्यासाठी कस्टम टॅब्स, म्हणजे फोनच्या खऱ्या ब्राउझरची खिडकी, उघडा.

आणि 'अ‍ॅडजावास्क्रिप्टइंटरफेस' वापरून पानाला अ‍ॅपमधली फंक्शनं देत असाल तर जपून. तो पूल मुख्य पानापुरता राहत नाही, त्या पानातल्या प्रत्येक आयफ्रेमला दिसतो, जाहिरातीच्या सुद्धा. अँड्रॉइडएक्स वेबकिटमध्ये 'अ‍ॅडवेबमेसेजलिसनर' आहे, त्याला परवानगी असलेल्या ओरिजिनांची यादी देता येते. त्या यादीत फक्त आपल्या बुकिंग पानाचं ओरिजिन घाला, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेलं आणि नसलेलं, दोन्ही.